प्रोसेसर घेण्याआधी बोर्ड बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि कराडसारख्या गावातल्या कितीतरी कॉम्प्युटरधारकांपुढे एक प्रश्न उभा राहिला. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, डीटीपीची दुकानं, विद्यानगरात भाड्याच्या खोल्यांत राहणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडे २०१६-१७च्या सुमारास असेंबल करून घेतलेले डेस्कटॉप अजून व्यवस्थित चालतात. त्यांत बहुतेक वेळा इंटेलचा सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो. विंडोज ११ला मात्र इंटेलची किमान आठवी पिढी लागते.

मग साहजिकच मनात येतं की बोर्ड राहू दे, रॅम राहू दे, फक्त प्रोसेसर बदलू. चौकशी केली की कळतं, सातव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एलजीए ११५१ आणि आठव्या पिढीच्याही सॉकेटचं नाव तेच. सेकंडहँड आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आणला जातो. तो सॉकेटमध्ये अचूक बसतो, वरची पट्टी लागते, पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही. रॅम काढून-पुसून बघितली जाते, एसएमपीएस बदलून बघितला जातो आणि शेवटी ‘बोर्ड गेला’ असा निकाल दिला जातो.

बोर्ड गेलेला नसतो आणि प्रोसेसरही खराब नसतो. ही जोडी एकमेकांसाठी बनलेलीच नाही, एवढंच. हे पैसे वाचू शकतात, पण त्यासाठी मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांचं जुळणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं. सॉकेट ही त्यातली फक्त पहिली अट आहे. तिच्यामागे चिपसेट, बायोस, वीजपुरवठा आणि रॅम अशा आणखी अटी उभ्या असतात. शिवाय यातल्या काही अटी विजेच्या नियमांतून येतात, तर काही कंपनीच्या निर्णयातून. हा फरक ग्राहकाला माहीत असणं फार गरजेचं आहे.

पिना तेवढ्याच, कामं वेगळी

एलजीए ११५१ या नावातला आकडा म्हणजे सॉकेटमधल्या पिनांची संख्या. प्रत्येक पिनेचं काम ठरलेलं असतं. काही पिना प्रोसेसरला वीज पुरवतात, काही अर्थसाठी असतात, काही रॅमकडे जातात, काही ग्राफिक्स कार्डाकडे, आणि काही पुढे कधी लागतील म्हणून मोकळ्या ठेवलेल्या असतात. बोर्डाच्या पोटात या प्रत्येक पिनेपासून तांब्याची एक वाट निघते. ती वाट कुठे जाते हे बोर्ड बनतानाच पक्कं होतं.

२०१५ साली सहावी पिढी आली तेव्हा हा सॉकेट आला. सातवी पिढीही त्याच बोर्डांवर चालली. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली. सर्वसामान्य डेस्कटॉपसाठी इंटेलने तोवर चार कोअर दिले होते, आता सहा दिले. कोअर वाढले की करंट वाढतो. म्हणून इंटेलने पूर्वी मोकळ्या असलेल्या काही पिना वीज आणि अर्थच्या कामाला लावल्या. सॉकेटचा आकार, पिनांची संख्या, खाचा, सगळं तेच राहिलं, पण आतली जोडणी बदलली. या प्रोसेसरसाठी ३०० मालिकेचा बोर्ड लागेल असं इंटेलने जाहीर केलं. सुरुवातीला तर झेड ३७० हा एकच महागडा चिपसेट बाजारात होता. बी ३६०, एच ३१० असे स्वस्त बोर्ड एप्रिल २०१८मध्ये आले.

पुढे काही हौशी तंत्रज्ञांनी बायोसमध्ये फेरफार करून आणि काही पिनांचे संपर्क झाकून आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. म्हणजे मध्ये उभी असलेली भिंत पूर्णपणे तांब्याची नव्हती, तिच्यातला काही भाग धोरणाचा होता. अर्थात, ज्या मशीनवर रोजची बिलं आणि खात्यांची कामं चालतात, तिथे असा प्रयोग करायचा नसतो. अशा मालकासाठी उत्तर साधं आहे: १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर आठवी पिढी चालत नाही.

कोणत्या पिढीला कोणता सॉकेट

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर परिस्थिती वेगळी होती. सॉकेट ७ नावाच्या एकाच सॉकेटमध्ये इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचा के-६ बसायचा आणि सायरिक्सचाही प्रोसेसर बसायचा. १९९७मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी स्लॉट १ आणला, दोन वर्षांनी एएमडीने अ‍ॅथलॉनसाठी स्लॉट ए आणला आणि दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. आज इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसवण्याचा प्रश्नच येत नाही.

इंटेलचा हिशोब साधारण दोन पिढ्यांमागे एक सॉकेट असा राहिला आहे. २०११पासूनची दुसरी आणि तिसरी पिढी एलजीए ११५५वर, २०१३ची चौथी ११५०वर, सहावी-सातवी ११५१वर, आठवी-नववी त्याच नावाच्या पण वेगळ्या जोडणीच्या ११५१वर, २०२०पासूनची दहावी-अकरावी १२००वर. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आलेला एलजीए १७०० थोडा जास्त टिकला. त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालतात. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी पुन्हा नवा सॉकेट आला, एलजीए १८५१.

म्हणून ‘माझ्याकडे आय-फाइव्ह आहे’ या वाक्यावरून काहीच ठरत नाही. पुढचा आकडा महत्त्वाचा. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ७४०० म्हणजे सातवी, १२४०० म्हणजे बारावी. तिघेही आय-फाइव्हच, पण तिघांचे बोर्ड वेगळे.

सॉकेट तोच, तरी चिपसेट अडवतो

बोर्डाच्या नावात एच, बी किंवा झेड अक्षरानंतर जो आकडा असतो, तो चिपसेटचा. यूएसबी, साटा, काही पीसीआय एक्स्प्रेस मार्गिका यांचा कारभार चिपसेट बघतो. झेड मालिकेत प्रोसेसरचा वेग मर्यादेबाहेर वाढवता येतो, एच आणि बी मालिकेत सहसा येत नाही. पण चिपसेटवरून कधी कधी संपूर्ण पिढीच अडते.

एलजीए १२०० हे त्याचं चांगलं उदाहरण. दहावी आणि अकरावी पिढी याच सॉकेटची. ज्यांच्याकडे एच ४७० किंवा झेड ४९० चिपसेटचा बोर्ड होता, त्यांनी बायोस अपडेट करून अकरावी पिढी बसवली. मात्र त्याच काळातल्या स्वस्त एच ४१० आणि बी ४६० चिपसेटवर इंटेलने अकराव्या पिढीला परवानगी दिली नाही. हे दोन चिपसेट जुन्या २२ नॅनोमीटर तंत्राने बनलेले होते. म्हणजे ज्याने पैसे वाचवून बोर्ड घेतला, त्याचाच पुढचा रस्ता बंद झाला. बोर्ड घेताना हजार-दोन हजार वाचवताना हा विचार करायला हवा.

एएम ४ची गोष्ट

जुळणं किती प्रमाणात तांत्रिक आणि किती प्रमाणात कंपनीच्या मनावर असतं, हे एएमडीच्या एएम ४ सॉकेटवरून सर्वांत स्पष्ट दिसतं.

१३३१ पिनांचा हा सॉकेट २०१६मध्ये आला आणि मार्च २०१७मध्ये त्यावर पहिले रायझेन प्रोसेसर आले. २०२०पर्यंत हाच सॉकेट चालवू, असा शब्द एएमडीने दिला होता. त्या शब्दावर विसंबून जगभरच्या, आणि आपल्याकडच्याही, अनेकांनी बी ४५० चिपसेटचे बोर्ड घेतले. मे २०२०च्या पहिल्या आठवड्यात एएमडीने सांगितलं की पुढची झेन ३ पिढी फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. ग्राहक भडकले. दोन आठवड्यांच्या आत, १९ मे रोजी, कंपनीने निर्णय फिरवला. बी ४५० आणि एक्स ४७० बोर्डांना नव्या पिढीचा सपोर्ट मिळाला. २०२२मध्ये तर २०१७च्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही तो दिला गेला.

कंपनीने आधी नकार देताना सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. बायोस ज्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये राहतो, ती अनेक एएम ४ बोर्डांवर १६ मेगाबाइटची होती. इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरची माहिती तेवढ्या जागेत मावत नव्हती. बोर्ड कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग काढले. कोणी सर्वांत जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकला. एमएसआयने काही बोर्डांवर बायोसचा चित्रमय स्क्रीन काढून साधा ठेवला आणि पुढे ३२ मेगाबाइट चिप असलेले ‘मॅक्स’ नावाचे बोर्ड आणले. अडचण खरी होती, पण सोडवण्याजोगीही होती. ती ग्राहकांच्या आग्रहामुळे सुटली, हे विसरता कामा नये.

फायदा कोणाला झाला? २०१८मध्ये बी ४५० बोर्डावर रायझेन ५ २६०० घेतलेला माणूस आज केवळ बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझेन ५ ५६०० किंवा रायझेन ७ ५७००एक्स बसवू शकतो. रॅम तीच, कूलर बहुतेक वेळा तोच. जिथे प्रत्येक हजाराचा हिशोब होतो, तिथे या टिकाऊपणाची किंमत मोठी आहे. सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या एएम ५ सॉकेटबाबत एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं जाहीर केलेलं आहे.

बायोसचा पेच आणि गेलेली लाईट

कॉम्प्युटर चालू केल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी बायोस वाचतो. कोणता प्रोसेसर आहे, त्याला किती व्होल्टेज द्यायचं, रॅम कोणत्या वेगाने चालवायची, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. बोर्ड ज्या तारखेला कारखान्यातून निघाला, त्यानंतर आलेल्या प्रोसेसरची माहिती त्यात नसते. म्हणून सॉकेट जुळतो, चिपसेट चालतो, तरी डिस्प्ले येत नाही.

इथे पेच पडतो. नवा प्रोसेसर चालायला नवा बायोस हवा, आणि बायोस बदलायला आधी मशीन चालू व्हायला हवं. सुटकेचे तीन मार्ग आहेत. पहिला, दुकानदाराकडचा एखादा जुना प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस अपडेट करणं. दुसरा, बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकची सोय असणं. अशा बोर्डाच्या मागच्या बाजूला एक छोटं बटण असतं. पेनड्राइव्हवर नवा बायोस घ्यायचा, ठरलेल्या पोर्टला लावायचा, एसएमपीएसच्या वायर जोडायच्या आणि बटण दाबायचं. प्रोसेसर किंवा रॅम नसली तरी काम होतं. तिसरा मार्ग म्हणजे आधीच अपडेट केलेला बोर्ड घेणं. २०१८मध्ये हाच पेच आला तेव्हा एएमडीने अडलेल्या ग्राहकांना बायोस अपडेटपुरता एक साधा प्रोसेसर उसना पाठवण्याची योजना चालवली होती. कराडच्या ग्राहकासाठी मात्र पहिले दोन मार्गच व्यवहारी आहेत.

बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली तर फ्लॅश चिपमधली माहिती अर्धवट राहते आणि बोर्ड खरोखरच डेड होऊ शकतो. कोयनेचं वीजकेंद्र जवळ असलं तरी वळवाच्या पावसात आपल्या भागात लाईट जातेच. म्हणून हे काम यूपीएसवरच करावं, यूपीएसची बॅटरी आधी तपासावी आणि आकाश गडगडत असेल तर काम पुढे ढकलावं. बायोस कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्यावा, आणि बोर्डावर मॉडेलच्या नावाशेजारी छापलेला रेव्हिजनचा आकडाही जुळवावा. एकाच नावाच्या दोन रेव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात.

वीज झेपते का?

एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला साधारण एक ते दीड व्होल्टच्या आत वीज लागते, पण करंट प्रचंड लागतो. बाराव्या पिढीचा आय-नाइन १२९००के पूर्ण जोरात २४१ वॅटपर्यंत जातो. १.२ व्होल्ट धरले तर हा करंट सुमारे २०० अँपिअर होतो. १२ व्होल्टचे एक-सव्वा व्होल्ट करण्याचं काम सॉकेटभोवतीचा व्हीआरएम करतो. एच ६१०सारख्या स्वस्त बोर्डावर हा व्हीआरएम लहान असतो, अनेकदा त्यावर हीटसिंकही नसतो. यादीत नाव असल्याने मोठा प्रोसेसर चालू होतो, पण तासभर रेंडरिंग केलं की व्हीआरएम तापतो आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. तीन एचपीच्या मोटारीसाठी घेतलेल्या स्टार्टरवर आणि वायरवर साडेसात एचपीची मोटार चालवल्यासारखंच हे आहे. ६५ वॅटचा आय-फाइव्ह स्वस्त बोर्डावर निश्चिंत चालवावा. आय-सेव्हन आणि आय-नाइनसाठी बोर्डावरही खर्च करावा.

रॅम, कूलर आणि डिस्प्ले

डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही रॅमना २८८ संपर्क असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही, आणि जोर लावून बसवायची नसते. एलजीए १७००च्या काही बोर्डांवर डीडीआर ४ चालते, काहींवर डीडीआर ५. एकाच चिपसेटचे दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं. एएम ५ आणि एलजीए १८५१वर फक्त डीडीआर ५ चालते. म्हणजे जुन्या मशीनमधून तिथे जायचं तर रॅमही नवी घ्यावी लागते.

कूलरच्या बाबतीत, इंटेलच्या ११५६पासून १२००पर्यंतच्या सॉकेटना चार भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं. एलजीए १७००ला ते ७८ झालं. जुना कूलर वापरायचा तर त्याच्या कंपनीची नवी पट्टी लागते. एएम ४चे बहुतेक कूलर एएम ५वर चालतात.

डिस्प्लेची फसगत तर फारच नेहमीची. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझेन ५ ५६००मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर असा प्रोसेसर घेतल्यावर बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट निरुपयोगी ठरतं.

चालू झाला म्हणजे काम संपलं नाही

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अचानक बंद पडू लागले, प्रोग्राम कोसळू लागले. २०२४मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने आतलं नुकसान होत होतं. ऑगस्ट २०२४पासून त्यावरची दुरुस्ती बायोस अपडेटमधून देण्यात आली आणि बाधित मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. झालेलं नुकसान मात्र या अपडेटने भरून येत नाही. २०२३मध्ये एएम ५वर काही रायझेन प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे जळाले, तेव्हाही उपाय बायोसमधूनच आला. इंटेलच्या या दोन पिढ्यांचं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी बायोसची तारीख बघावी. ती ऑगस्ट २०२४च्या आधीची असेल तर अपडेट लांबवू नये.

घेण्याआधी काय करावं

विंडोजमधलं सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. तिथे बोर्डाची कंपनी, मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. हे लिहून घ्या. मग असूस, गिगाबाइट, एमएसआय, असरॉक, ज्या कंपनीचा बोर्ड असेल तिच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या सपोर्ट विभागातली सीपीयू यादी उघडा. प्रत्येक प्रोसेसरपुढे तिथे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. तुम्हाला हवा असलेला प्रोसेसर त्या यादीत नसेल तर विषय संपला, मग मित्र काहीही सांगो. सेकंडहँड बोर्ड घेताना सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या टॉर्चने तिरप्या उजेडात बघा. वाकलेल्या पिनांना वॉरंटी लागू होत नाही.

सहाव्या-सातव्या पिढीच्या मालकांनी प्रोसेसर बदलण्यावर एक रुपयाही घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या बोर्डावर विंडोज ११ला अधिकृत मान्यता असलेला प्रोसेसर चालतच नाही. बोर्ड, प्रोसेसर आणि गरज असेल तर रॅम असा एकत्र बदल करावा. कॅबिनेट, एसएसडी आणि मॉनिटर तेच ठेवावेत, एसएमपीएस मात्र तपासून घ्यावा. जुना संच फेकू नये, लिनक्स टाकून तो मुलांच्या अभ्यासाला किंवा टायपिंगला अजून काही वर्षं चालतो. आठव्या-नवव्या पिढीचा किंवा एएम ४चा बोर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांना मात्र केवळ प्रोसेसर बदलून खरा फायदा होऊ शकतो.

आपल्या दुकानदारांनाही एक विनंती. असेंबल करून देताना बिलावर ‘आय-फाइव्ह कॉम्प्युटर, १ नग’ असं लिहू नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बोर्डाचं मॉडेल, रेव्हिजन आणि बायोसची आवृत्ती लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. पाच वर्षांनी तोच ग्राहक अपग्रेड मागायला येईल, तेव्हा त्या चार ओळी वाचून त्याला लगेच खरं उत्तर देता येईल. आणि ग्राहकांनी असं बिल मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.